गाव कुठलं म्हणायचं?

साताऱ्यात रस्ते दोनच, वरचा आणि खालचा. कागदोपत्री वरच्याचं नाव राजपथ आहे आणि खालच्याचं कर्मवीर पथ. पण 'राजपथ कुठं आहे हो?' असं विचारलंत तर सातारकर तुम्हाला आधी नीट बघून घेतो आणि मग म्हणतो, 'वरचा रस्ता म्हणा की!' दोन्ही रस्ते पोवई नाक्यावरून निघतात, दोन्ही राजवाड्याच्या अंगाला जातात, आणि सगळं शहरच अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेलं असल्यामुळे एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जायचं म्हणजे बोळातून चढ तरी चढायचा नाहीतर उतार तरी उतरायचा. आता साडी पसंत पडते ती खालच्या रस्त्याला. तिचा फॉल मिळतो वरच्या. अस्तर विचारलं की 'खाली बघा', लेस विचारली की 'वर मिळंल'. साठी उलटलेल्या सातारकर बायका सज्जनगडाच्या पायऱ्या न थांबता चढतात याचं श्रेय लोक समर्थांना देतात. मी ते मॅचिंग सेंटरवाल्यांना देते.

माझं माहेर सांगली आणि सासर सातारा. त्यामुळे पुण्या-मुंबईचे पाहुणे 'तिकडे शॉपिंगला काय आहे गं?' असं मलाच विचारतात. मी दोन्हीकडचे रस्ते, चौक, पेठा, गल्ल्या अगदी खुणांसकट सांगते. पाहुणे जातात, गळ्यात कॅमेरा लटकवून फिरतात आणि रिकाम्या हातांनी परत येतात. वर म्हणतात, 'ठीक होतं. खास असं काही दिसलं नाही.' दिसणार कसं? खास असतं ते काचेत ठेवलेलं नसतं. ते आत असतं, आणि आतलं बाहेर यायला एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. तो प्रश्न पाहुण्यांना कुणी विचारलेला नसतो, किंवा विचारला तर त्यांनी 'पुणे' असं उत्तर देऊन विषय संपवलेला असतो.

खणआळीतलंच बघा. मोती चौकाजवळची ही आळी म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या लग्नांचं मुख्य कार्यालय. कोरेगाव, वडूज, मेढा, पाटण, कुठलंही लग्न ठरो, बस्ता बांधायला वऱ्हाड इथं उतरणार. एका रिक्षातून सात बायका, एक नवरी आणि पैसे देणारा एक पुरुष. हा पुरुष दुकानात शिरल्याबरोबर खांबाला टेकून बसतो आणि बिल होईपर्यंत हलत नाही. दुकानांना काचेचे दरवाजे आणि एसी आले, पण पांढरी गादी काही हटलेली नाही, कारण सातारकर बाई उभ्यानं साडी घेत नाही. बसायचं, पाय पोटाशी घ्यायचे, मांडीवर पिशवी ठेवायची आणि मग 'दाखवा' म्हणायचं.

लग्न होऊन आल्यावर मी एकटीच तिथं गेले. गादीवरच्या पोरानं भराभर दहा-बारा साड्या उलगडल्या. सगळ्यांवर जर इतकी की दुकानात दिवा लावायची गरज नव्हती. मी मान हलवत होते. एवढ्यात गल्ल्यावरच्या काकांनी चष्म्यावरून बघत विचारलं,

"गाव कुठलं म्हणायचं?"

"सांगली."

"सांगलीत कुठं?"

"गावभाग."

"म्हंजे पाण्यातलं माहेर. आन् इथं?"

"यादोगोपाळ पेठेत."

"यादोगोपाळात कुणाच्यात?"

मी आडनाव सांगितलं. काकांनी चष्मा काढला. "आवं, मग तुमचे सासरे आमच्या थोरल्या भावाच्या वर्गात हुते की!" आणि पोराकडे वळून, "ए, ते सगळं उचल. आतलं काढ."

ते सगळं उचललं गेलं. आतलं निघालं. नेसायला बऱ्या, रंगाला शांत, काठाला बारीक, अशा साड्या, ज्या मी मघापासून मागत होते. तर मग इतका वेळ मला दाखवलं जात होतं ते कुणासाठी होतं? हा प्रश्न मी काकांना विचारला नाही. उत्तर उघड होतं. ते ज्यांना गाव नाही त्यांच्यासाठी होतं.

ओळख निघाल्यावर भाव कमी होतो असा एक गोड गैरसमज आहे. भाव एका रुपयानंही कमी होत नाही. उलट ओळख निघाल्यावर आपल्यालाच कमी करा म्हणायची चोरी होते. कमी होत नाही, पण माल बरा मिळतो. शिवाय एक फायदा असा की त्यानंतर दुकानदार तुम्हाला नको ते घेऊ देत नाही. 'हा रंग तुमच्या आत्याबाईंना चालायचा नाही' असं काकांनी मला परस्पर सांगितलं. माझ्या सासूबाईंची आवड माझ्याआधी खणआळीला माहीत होती. खण मात्र त्या आळीत आता कोपऱ्यात गेलेत. ओटीचा चौकोनी घडीचा खण मागितला की पोरगं स्टूल घेऊन वरच्या कप्प्यात हात घालतं, आणि खाली येताना हातात खणाऐवजी कुर्ती असण्याचीही शक्यता असते.

सातारकर दुकानदार गिऱ्हाईकाला हाक मारत नाही. हे शहर राजधानीचं आहे. १७०८ साली शाहू महाराजांना राज्याभिषेक झाला तो इथंच, किल्ल्यावर, आणि मग महाराजांनी किल्ल्याच्या पायथ्याशी हे शहर वसवलं. पेठा पाडल्या. सोमवारपासून रविवारपर्यंत आठवड्याचे सातही वार पेठांना देऊन झाले, तरी वस्ती उरली म्हणून सदाशिव, भवानी, मल्हार, व्यंकटपुरा, चिमणपुरा, प्रतापगंज अशी आणखी नावं पडली. मी नवी सून असताना आत्याबाईंना भाबडेपणानं विचारलं होतं, "मंगळवार पेठेत मंगळवारी काय मिळतं?" त्या म्हणाल्या, "बाकीच्या वारी मिळतं तेच. शेजारी." तर राजधानीतला दुकानदार दारात उभा राहून 'या ताई, या' करणार नाही. तो पेपर वाचत बसेल. तुम्ही आत आलात तर घडी घालेल. काही मागितलंत आणि ते असलं तर देईल. नसलं तर 'नाही' म्हणेल आणि घडी उलगडेल. पुण्याच्या दुकानदारावर एवढे विनोद झाले, पण पुणेकर निदान उलट बोलतो तरी. सातारकर राजघराण्याच्या इतमामानं गप्प बसतो.

पेढ्यांचं तेवढं वेगळं. कंदी पेढ्याच्या दुकानात शांतता पाळणं शक्यच नाही, कारण तिथं येणारा प्रत्येक माणूस काहीतरी सांगायला आलेला असतो. पोरगी पास झाली, पोराची भरतीत निवड झाली, सुनेला दिवस गेले, ट्रॅक्टर आला. साताऱ्यात राहणारा माणूस स्वतःला खायला म्हणून पेढे आणत नाही. एक तर बातमी असावी लागते, नाहीतर परगावी जायचं असावं लागतं. खवा भरपूर भाजायचा, तपकिरी होईपर्यंत, आणि साखर बेतानं घालायची, एवढंच त्याचं गुपित. पण ते 'भरपूर' म्हणजे किती, हे कढईपुढे बसणाऱ्यालाच कळतं. तासभर उशीर झालेल्या एसटीत पेढ्याचा पुडा मांडीवर धरून बसलेल्या माणसाला विचारा, कागदातून झिरपणारा तो भाजलेला वास काय असतो ते.

पेढे लाटकरांचे की मोदींचे, यावर साताऱ्यातली घरं विभागलेली आहेत. आमच्या घरातलं मत मी छापणार नाही. मला अजून त्या घरात राहायचंय. पाहुणे मात्र या वादाच्या बाहेरच राहतात, कारण ते शहरात शिरतच नाहीत. महाबळेश्वरला जाताना हायवेवरच 'सुप्रसिद्ध सातारी कंदी पेढे' अशी पाटी दिसते, गाडी थांबते, खरेदी उरकते. पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत अशा पाट्या मोजल्या तर साताऱ्याची हद्द शाहू महाराजांच्या काळात होती त्याहून मोठी भरेल.

संध्याकाळी मात्र राजवाड्यापुढे या. चौपाटीवर भेळ, पावभाजी, कच्छी दाबेली आणि गर्दी यांच्या मागं जी जुनी इमारत उभी आहे, तिथल्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला सुभेदार रामजींच्या धाकट्या मुलाचं, भीमरावाचं, नाव दाखल झालं. पुढं तिला प्रतापसिंह हायस्कूल नाव मिळालं, आणि राज्यभर ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस झाला. साताऱ्यातल्या कितीतरी पोरांच्या वह्या-पुस्तकांची खरेदी या परिसरात होते. जूनमध्ये इथं नव्या वहीचा वास आणि कांद्याचा वास एकाच वेळी येतो. माझ्या मुलीनं पाढे पाठ न केल्याबद्दल मी तिला इथंच, त्या इमारतीकडे बोट दाखवून, चांगलं सुनावलेलं आहे. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवपुरी मागितली.

साताऱ्याहून सांगलीला जायला एसटीला तीन तास लागतात आणि माझ्या सासऱ्यांच्या मते तेवढ्यात माणूस एक पायरी खाली उतरतो. मामांचा इतिहास पक्का आहे. "पटवर्धन कोण? पेशव्यांचे सरदार. पेशवे कोण? छत्रपतींचे प्रधान. म्हंजे तुमचा बाजार आमच्या चाकराच्या चाकरानं बसवलेला." यावर मी बरीच वर्षं गप्प होते. मग एकदा दिवाळीत मामा नातीच्या गळ्यातली माळ पाहुण्यांना कौतुकानं दाखवत होते, "पु. ना. गाडगीळ. पुण्याहून, लक्ष्मी रोडवरनं आणलीय." मी चहा ठेवता ठेवता एवढंच म्हणाले, "मामा, ती पेढी सांगलीची. १८३२ पासूनची. पुण्याला गेली १९५८ साली." मामांनी माळ पुन्हा एकदा बघितली. जणू तिचं वजन कमी झालं होतं.

सांगलीचा जन्म भाऊबंदकीतला. १८०१ साली चिंतामणराव आप्पासाहेब मिरजेच्या काकांपासून, गंगाधररावांपासून, वेगळे झाले आणि कृष्णेच्या काठी त्यांनी आपली गादी मांडली. घर फुटलं की नवी चूल, नवी भांडी, नवी बिऱ्हाडं, सगळंच नवं लागतं. बाजार वसवायला याहून चांगला मुहूर्त नाही. मुख्य रस्त्याला पटवर्धनांच्या मूळ पुरुषाचं नाव मिळालं, हरभट रोड. हरभटबाबा मोठे गणेशभक्त. त्यांनी कठोर तपश्चर्या केली म्हणतात. दिवाळीच्या आदल्या रविवारी त्यांच्या नावाच्या रस्त्यावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, दोन पोरं आणि चार पिशव्या सांभाळत जाऊन दाखवा. बाबांबद्दलचा आदर वाढेल.

सांगलीचा दुकानदार साताऱ्याच्या बरोबर उलटा. तो तुम्हाला रस्त्यावरच धरतो. "काय वैनी, आलासा कधी? बसा की! घेऊ नका, नुसतं बसा." बसलात की चहा येतो. चहा घेतलात की माल येतो. माल आला की त्याच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ते बघण्यासारखे असतात. विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगवलं ते १८४३ साली, याच गावात, आप्पासाहेबांच्या आश्रयानं. म्हणून सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. माझं आपलं मत असं की कापड पेठेत प्रयोग त्याच्या आधीपासून सुरू असावेत. आईनं भाव अर्धा केला की दुकानदार छातीवर हात ठेवतो. मग कपाळावर. मग वर भिंतीवरच्या गणपतीकडे बघतो. "माऊली, एवढ्याला घरात नाही हो पडलेलं!" आई उठते. पिशवी काखोटीला मारते. चपलेत एक पाय घालते. दुसरा घालण्यापूर्वी मागून आवाज येतो, "बरं, न्या. तुमी म्हणून." हा दुसरा पाय कधी घालायचा यात आईची सगळी हयात गेली आहे. लवकर घातला तर आवाज यायच्या आत पायरी उतरावी लागते. उशीर केला तर तो ओळखतो.

सांगलीतही गाव विचारतातच, पण इथं त्या प्रश्नाला एक पुरवणी आहे. "गावभागात? मग एकोणीसला कितीपर्यंत आलतं?" एकोणीस म्हणजे २०१९. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं आणि हरभट रोड, मारुती रोड, कापड पेठ, सगळी बाजारपेठ बुडाली. त्याआधी २००५ ला बुडाली होती, नंतर २०२१ ला पुन्हा पाणी शिरलं. सांगलीकर घड्याळापेक्षा पुलावरच्या फुटांकडे जास्त बघतो. जुलै लागला की इथल्या दुकानदाराची नजर गिऱ्हाइकावर नसते, कोयनेच्या विसर्गावर असते. माल वर चढवायला हमाल सांगून ठेवलेला असतो.

साताऱ्यात वरचा-खालचा म्हणजे रस्ता. सांगलीत वरचा-खालचा म्हणजे कप्पा. पुराच्या वर्षी दिवाळीला आई दुकानात शिरली आणि तिनं पहिला प्रश्न विचारला, "वरचा माल आहे का खालचा?" दुकानदारानं तिला भिंतीवरची ओलीची रेघ दाखवली, मग तिच्याही वर दोन हात असलेला कप्पा दाखवला, आणि मग साडी तिच्या हातात दिली. आईनं ती नाकाला लावली. दोघंही काही बोलले नाहीत. त्या दिवशी आईनं भाव केला नाही. दोन्ही पाय एकदमच चपलेत घातले आणि बाहेर पडताना मला म्हणाली, "पुढच्या वर्षी बघते त्याच्याकडं."

गणपती पेठेतून चालताना नाकाला वाट सांगावी लागत नाही. किराण्याची ठोक दुकानं, मिरची, गूळ, आणि या सगळ्यावर बसलेला हळदीचा वास. सांगली हे हळदीच्या व्यापाराचं जुनं ठाणं. सौदे मार्केट यार्डात होतात, मराठवाड्यातली आणि कर्नाटकातलीही हळद इथं येऊन विकली जाते, आणि २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. पूर्वी ही हळद साठवायला हरिपुरात जमिनीत पेवं खणलेली असत. तोंड अरुंद, पोट मोठं. वर्षानुवर्षं हळद आत राहायची, कीड नाही, वाळवी नाही. २००५ च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली. आता शीतगृहं आहेत, विजेचं बिल आहे.

आमच्या घरात हळदीची पूड विकत आणणं हा गुन्हा आहे. हळकुंडं आणायची आणि दळून घ्यायची. आई पोत्यात हात खोल घालून तळातलं हळकुंड काढते, कारण वरची सगळी बघण्यासाठी ठेवलेली असतात यावर तिचा विश्वास आहे. ते दोन हातांत धरून मोडते. मोडताना आवाज कोरडा आला पाहिजे. मग मोडलेला भाग उजेडाकडे धरते. आतून गर्द केशरी निघालं तर मान डोलावते, फिकट पिवळं निघालं तर हळकुंडाचे दोन्ही तुकडे काही न बोलता पोत्यात परत टाकते. एवढ्या वेळात तिनं दुकानदाराकडे एकदाही बघितलेलं नसतं. दुकानदारही तिच्याकडे न बघता दुसऱ्या गिऱ्हाइकाला धने देत असतो. पण त्याचं सगळं लक्ष त्या आवाजाकडे असतं हे मला माहीत आहे.

बेदाण्याचं काय विचारता? तासगावचे सौदे मोठे, सांगलीचे मोठे, २०१६ साली मानांकन मिळालेलं. पण सांगलीत बेदाणे विकत घेताना कुणी ओळखीचं भेटलं तर माणूस पिशवी पाठीमागं लपवतो. द्राक्षबागवाला एकही नातेवाईक नाही असा त्याचा सरळ अर्थ होतो. आमच्याकडे चुलतभावाच्या मेव्हण्याची बाग होती. त्यानं ती काढून डाळिंब लावलं तेव्हा आईला दुःख झालं ते बागेचं नव्हे, आता बेदाणे दुकानातून आणावे लागणार याचं. भडंगाला मात्र अशी लाज नाही. ते उघड माथ्यानं विकत घेतात, किलोनं घेतात. ते सांगलीचं की जयसिंगपूरचं, हा वाद काढू नये. गोरे बंधूंचं सांगलीत घ्यावं, जयसिंगपूरचं जयसिंगपुरात घ्यावं, आणि दोन्हीकडे 'हे अस्सल' म्हणावं. मी तेच करते. दोन गावांत संसार केला की एवढं येतंच.

सराफ कट्ट्यावर मी हल्ली नुसती फिरते. सोन्यानं तोळ्याला लाखाची वेस ओलांडल्यापासून सगळेच नुसते फिरतात. ठुशी बघायची, बोरमाळ बघायची, 'आजचा काय भाव?' विचारायचं आणि खबर घरी नेऊन पोचवायची. पण याच जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायला देशभर गेलेली आहेत. आमच्या ह्यांची दोन वर्षांसाठी दक्षिणेत बदली झाली होती. तिथं मंगळसूत्राची वाटी डाग द्यायला म्हणून मी एका सराफी गल्लीत गेले. भाषा येत नव्हती. खुणांनी चाललं होतं. मागच्या खोलीत भट्टीजवळ एक माणूस बनियनवर बसला होता. माझी मोडकी हिंदी त्यानं जरा वेळ ऐकली आणि तिथूनच ओरडला,

"गाव कंचं वैनी तुमचं?"

पुढं काय झालं ते सांगायला नको. चहा आला. त्याच्या आटपाडीच्या घरची खुशाली मी ऐकली. डागाचे पैसे त्यानं घेतले नाहीत, आणि 'पुढच्या खेपेला येताना भडंग आणा' एवढंच म्हणाला.

मिरजेला न जाता परतू नका. महापालिका एकच, पण मिरजकराला सांगलीकर म्हणून बघा, कसा उसळतो! तिथं लक्ष्मी मार्केटची घड्याळाची जुनी इमारत बघावी आणि मग सतारमेकर गल्लीत शिरावं. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांनी तलवारी संपल्यावर तारांना हात घातला. त्यांच्यातल्या फरीदसाहेबांपासून चालत आलेला हा धंदा, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला मानांकन मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळलेले भोपळे छताला टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि त्या भुशात मांडी घालून बसलेले चाचा. मुलीसाठी तंबोरा घ्यायला म्हणून आम्ही गेलो. चाचांनी गाव विचारलं नाही. त्यांनी मुलीला विचारलं, "बेटा, गाणार का भिंतीला लावणार?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

"आईकडं नको बघू. सा लाव."

तिनं लावला. हलला, पण लावला. चाचांनी ऐकला, मान थोडी तिरकी केली आणि पुढ्यातला चकचकीत, नक्षी केलेला तंबोरा बाजूला सारला. मागून एक साधा काढला. घोडीवर तारेखाली सूत सरकवलं, छेडलं, पुन्हा सूत हलवलं. जवारी जमल्यावर खोलीभर जो नाद झाला त्यात आमच्या ह्यांनी भाव विचारायला उघडलेलं तोंड मिटलं. ह्यांचं तोंड एवढ्या सहज मिटलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. चाचा म्हणाले, "नक्षीवाला महाग आहे, तो पाहुण्यांना. हा हिच्या गळ्याचा आहे." म्हणजे इथंही माल आत आणि बाहेर दोन प्रकारचा होताच. फक्त आतलं काढायला आडनावाऐवजी सूर लागला. मला वाटतं, आमच्या दोन्हीकडच्या बाजारांत हा एकच दुकानदार असा, ज्याच्यापुढे माझं सासर-माहेर दोन्ही निकामी ठरलं.

तर जाणाऱ्यांनी एवढं करावं. पेढे साताऱ्यातून घ्यावेत, पण शहरात शिरून, हायवेवर नव्हे. हळद सांगलीतून, मोडून बघून. तंबोरा मिरजेतून, सा लावून. साडी खणआळीतून घ्या नाहीतर कापड पेठेतून. कुठलीही असो, सासूबाईंना दाखवण्यापूर्वी एकदा धुऊन घ्या. कापडी पिशवी आणि सुटे पैसे जवळ ठेवा. साताऱ्यात पायात चप्पल नको, बूट घाला. सांगलीत मात्र काढ-घाल करायला चप्पलच बरी. आणि कुणी गाव विचारलं तर पुणे-मुंबई सांगून मोकळे होऊ नका. आजोळचं सांगा, आत्याच्या नवऱ्याचं सांगा, काहीच नसलं तर शेजाऱ्याच्या सासुरवाडीचं सांगा. शेजारीही नसतील तर सरळ माझं नाव घ्या. खणआळीत चालेल. कापड पेठेत मात्र घेऊ नका, तिथं आईची दोनशे सत्तर रुपयांची उधारी आहे.